काढता दांडा

चोरांचे माझ्यावर फार उपकार आहेत. ते नसते तर पापडीच्या रस्त्यावरचं माझं वर्कशॉप कधीच बंद पडलं असतं. खिडक्यांची ग्रिल, सेफ्टी डोअर, सोसायट्यांची गेटं, दुकानांची शटरं, कड्या, कोयंडे. मी आयुष्यात जे काही बनवलं, ते कुणीतरी कधीतरी चोरी करील या एका आशेवर. गिऱ्हाइकाला भीती वाटायची आणि मला आशा. असा हा धंदा मी इतकी वर्षं मन लावून केला, आणि खरं सांगायचं तर प्रत्यक्ष चोर आयुष्यात एकदाच पाहिला. तो मी स्वतः होतो.

ते सांगतोच. पण आधी धंदा समजून घ्या.

नव्वदच्या दशकात वसई-विरारला इमारती अशा उगवत होत्या की सकाळी मोकळी दिसलेली जागा संध्याकाळी ओळखू येऊ नये. एव्हरशाईन सिटीत एखाद्या इमारतीचा रंग वाळायच्या आत तिथले लोक माझ्या दारात हजर व्हायचे.

"दरवाजा एकदम मजबूत पाहिजे."

"आत काय काय ठेवणार आहात?"

"अजून काही नाही. सामान यायचंय."

म्हणजे सामान यायच्या आधी भीती राहायला आलेली. बोळिंजच्या एका गृहस्थांनी माझ्याकडून तीन कड्यांचा आणि दोन कुलपांचा दरवाजा करून घेतला आणि गणपतीत स्वतःच आत अडकले. मी ग्रायंडर घेऊन गेलो. बाहेरून मी माझाच दरवाजा कापतोय आणि आतून ते ओरडतायत, "जपून हो, रंग जाईल!" शेवटी बाहेर आले, माझे आभार मानले आणि विचारलं, "पण इतक्या लवकर कसा काय कापला गेला? मग उपयोग काय याचा?" त्यांना काय सांगणार! जगातलं कुठलंही लोखंड कापलं जातं. चोराला थांबवता येत नाही, त्याला कंटाळा आणता येतो. त्याला आवाज करायला लावायचा, घाम गाळायला लावायचा, म्हणजे तो शेजारच्या घरी जातो. माझी सगळी विद्या एवढीच.

हीच विद्या घेऊन मी एकदा समुद्रावर गेलो. फ्लॅटमधून होडीवर.

वसईच्या किल्ल्याच्या पलीकडे किनाऱ्यावर ख्रिस्ती कोळ्यांचं एक लहानसं गाव आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथली माणसं हा अंक हातात घेऊन माझ्या दारात येतील, आणि माझी बायको त्यांना जेवल्याशिवाय सोडणार नाही. तर त्या गावातली मारूबाय एके दिवशी मासे विकून परत जाताना माझ्या वर्कशॉपसमोर उभी राहिली. साठी उलटलेली, रिकामी टोपली डोक्यावर, आवाज असा की माझं कटर बंद न करताही ऐकू यावा.

"ए वेल्डिंग! तू चोरांचा डाक्टर ना?"

"कोण म्हणतं?"

"सगली पापडी म्हनते. आमच्या गाड्याला औषद दे. त्याचं चाक नेलं."

गाडा म्हणजे होडी वाहायचा ट्रेलर. जुन्या जीपचा आस आणि दोन चाकं, त्यावर लोखंडी चॅनेलचा सांगाडा, होडीचा तळ बसावा म्हणून दोन आडवे बाक आणि होडीला खरचटू नये म्हणून त्या बाकांवर टायरच्या रबराच्या पट्ट्या. पुढे लांब दांडा, दांड्याच्या टोकाला कडी. कडी ट्रॅक्टरला अडकवायची, गाडा पाण्यात उतरवायचा, होडी त्यावर तरंगत आणायची, बांधायची आणि वर ओढायची. पूर्वी लाकडी ओंडक्यांना तेल चोपडून त्यांवरून होड्या सरकवत. दोराला अख्खं गाव लागे. हा गाडा गावाने वर्गणी काढून घेतला, तेव्हापासून एक ट्रॅक्टर आणि चार माणसं पुरत. पावसाळ्याआधी गावातल्या सगळ्या होड्या वर यायलाच हव्यात. किनाऱ्याला बांधलेली होडी पावसाळ्यातल्या समुद्रापुढे टिकत नाही. म्हणून गाड्याचं चाक जाणं ही साधी चोरी नव्हती.

मी पाहायला गेलो. सुरूच्या झाडांखाली गाडा एका चाकावर कलंडून उभा होता. आजूबाजूला बांधकामं वाढली, तशी भंगार गोळा करणारी माणसंही वाढली होती. ती काय काय न्यायची! त्यांनी आधी बेअरिंगच्या टोप्या नेल्या होत्या, मग नट, आता चाक. एकदा तर नट अर्धवट सैल करून तसेच सोडले होते आणि भर रस्त्यात होडी आडवी झाली होती.

माझं लक्ष मात्र गाड्याच्या दांड्याकडे गेलं. त्याला नायलॉनच्या रंगीत दोऱ्यांचे तुकडे बांधलेले. लाल, हिरवा, पिवळा, निळा.

"हे काय, नवस आहेत का?" मी विचारलं.

मारूबाय इतकी हसली की तिला टोपली खाली ठेवावी लागली. "नवस कसले रे! नंबर हाय तो."

पद्धत अशी होती. प्रत्येक घराच्या जाळ्याच्या दोरीचा रंग ठरलेला. ज्याला गाडा हवा त्याने आपल्या रंगाचा तुकडा दांड्याला बांधायचा. कडीजवळचा पहिला, त्यामागचा दुसरा. काम झालं की आपली दोरी सोडून न्यायची. कुणी कुणाला विचारायचं नाही, कुणी कुणाला सांगायचं नाही. दांड्याकडे पाहिलं की कळायचं.

त्या दिवशी दांड्यावर पिवळी दोरी होती आणि तिला चिकटून निळी. पिवळी पास्कोलची, निळी इनासची. हे दोघे सख्खे भाऊ. घरं शेजारी शेजारी, मधे एक विहीर. बाप वारला तेव्हा त्याची होडी थोरल्या पास्कोलला मिळाली. इनासला ती हवी होती, कारण शेवटची वर्षं बापाबरोबर समुद्रावर तोच जात होता. काय बोलणं झालं कुणास ठाऊक, पण तेव्हापासून दोघांमध्ये शब्द नव्हता. इनासने स्वतःची नवी होडी केली. पास्कोलने बापाची होडी दरवर्षी रंगवली, तिच्यावरचं आईचं नाव, 'मोनिका', स्वतःच्या हाताने गिरवलं. पास्कोलची बायको गेली, मुलगी लग्न होऊन नायगावला गेली, तो एकटा उरला, तरी शब्द नाही. पण वर्षातून दोनदा पिवळीमागे निळी यायची किंवा निळीमागे पिवळी, आणि गाडा एकाकडून दुसऱ्याकडे जायचा.

मला तेव्हा हे गमतीचं वाटलं. मी आपला चोर कुठून येईल आणि कुठे हात घालील ते मोजत होतो.

आता माझी चोरी. कुठल्याही वस्तूला कुलूप लावायच्या आधी ती चोरून पाहावी, असा माझा नियम होता. चोराला काय काय सोपं जातं ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. नवीन चाक बसवल्यावर मी एका ओळखीच्याचा टेम्पो घेतला, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, डोक्याला रुमाल बांधला आणि भर दुपारी किनाऱ्यावर गेलो. नाटकात काम करायची हौस मला पहिल्यापासून. टेम्पो मागे घेतला, कडी अडकवली. तेवढ्यात जाळं विणत बसलेली दोन माणसं उठून माझ्याकडे यायला लागली. म्हटलं, संपलं. आता मार.

त्यातला एक पास्कोल होता. तो म्हणाला, "डावीकडे घे. उजवीकडे वालू भुसभुशीत हाय, रुतेल."

मी डावीकडे घेतलं. तरी चाक रुतलंच. दोघांनी मागून गाडा ढकलला. एका बाईने चाकाखाली घालायला फळी आणून दिली. मी गावाचा गाडा गावाच्याच मदतीने चोरला, पापडीला आणला, चहा प्यालो आणि परत नेऊन दिला.

मग मी माणसं गोळा केली आणि चष्मा काढून विचारलं, "मला कुणी अडवलं का नाही?"

पास्कोल म्हणाला, "गाडा नेनाऱ्याला काय विचारायचं? काम असल म्हनूनच नेतो ना?"

"अहो, पण मी चष्मा घातला होता! तोंडाला... म्हणजे डोक्याला रुमाल होता!"

"मला वाटला, तुजे डोले आले," पास्कोल म्हणाला.

सगळं गाव हसलं. मीही हसलो. पण मनात म्हटलं, या माणसांचं कठीण आहे.

मग माझे प्रयोग सुरू झाले. चाकांचे नट मी वेल्डिंगचा थेंब टाकून पक्के केले. ते टिकले. चाकांतून साखळी ओवून कुलूप लावलं. तर खारट हवेने कुलूप असं गंजलं की ज्यांच्याकडे किल्ली होती त्यांनाच ते हातोड्याने फोडावं लागलं. दुसरं लावलं, त्याची साखळीच कुणीतरी कापून नेली. माझी साखळी! गाडा राहिला आणि साखळी गेली. चोराने माझी चेष्टा केली होती. मी इरेला पेटलो.

आणि मग मला ती कल्पना सुचली. आजही सुचली तर मी टाळी वाजवीन, इतकी चांगली होती. गाड्याचा जीव दांड्यात असतो. दांडा नसला तर गाडा कशालाच अडकवता येत नाही, नुसता मागेपुढे कलंडतो. म्हणून मी दांडा काढता केला. सांगाड्यात एक चौकोनी नळी बसवली, दांडा तिच्यात सरकवायचा, आरपार जाड खिळा घालायचा, झालं. काम संपलं की खिळा काढायचा, दांडा खांद्यावर टाकायचा आणि घरी न्यायचा. नळीचं माप मी मुद्दाम वेडंवाकडं ठेवलं, म्हणजे बाजारातला कुठलाच पाइप तिच्यात बसणार नाही. कुलूप नाही, किल्ली नाही, गंजण्यासारखं काही नाही.

प्रश्न एकच होता. दांडा ठेवायचा कुणाकडे?

रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटल्यावर देवळाच्या अंगणात बैठक भरली. पाहुणा म्हणून मला खुर्ची दिली होती. ज्याच्याकडे दांडा ठेवावा त्याच्यावर दुसरा कुणीतरी नाराज. फादरना विचारलं, तर ते हसून म्हणाले, "माझ्याकडे मेणबत्त्या ठेवायला जागा नाही, हा खांब कुठे ठेवू?" मग मारूबाय उठली.

"माऊलीची मूर्ती फिरते ना घरोघरी? तसा फिरवा!"

वसईतल्या ख्रिस्ती गावांची ही रीत. पवित्र मातेची मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरात जाते. त्या घरी सगळे जमून रोझरीची प्रार्थना करतात, आणि मग मूर्ती पुढच्या घरी. घरांचा क्रम आज्या-पणज्यांपासून ठरलेला, त्यात भांडण नाही. दांडाही त्याच क्रमाने फिरायचा, दर रविवारी एका घरातून पुढच्या घरात, असं ठरलं. सगळ्यांना ते इतकं पटलं की हे आधी का सुचलं नाही असं झालं. मग गावच्या पंचांनी आणखी एक नियम सुचवला. कुणीही यावं आणि अमक्यातमक्याचं नाव सांगून दांडा न्यावा, असं नको. ज्याची होडी, त्याने स्वतः दारात येऊन मागायचा. त्यालाच द्यायचा. हा नियम ऐकून सगळ्यात जोरात मान मी डोलावली. सुरक्षेच्या दृष्टीने उत्तमच नियम होता.

दोऱ्या आता कुठे बांधायच्या, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. काही दिवस लोकांनी त्या सांगाड्याला बांधून पाहिल्या. पण दांडा ज्याच्या घरी, त्याच्याकडे जाऊन सांगायचंच होतं, मग दोरी कशाला? हळूहळू त्या दिसेनाशा झाल्या.

पहिला मान मारूबायचा. तिने दांडा ओसरीवर भिंतीला टेकवून उभा केला आणि त्याच्यापुढे मेणबत्ती लावली. मी म्हटलं, "मारूबाय, लोखंड आहे ते."

"असू दे. लोखंडाला पन बरा वाटल."

त्यानंतर दोन वर्षं गाड्याचा एक नटसुद्धा हलला नाही. मी एव्हरशाईनच्या गिऱ्हाइकांना ही गोष्ट रंगवून सांगायचो. काळा चष्मा, रुमाल, सगळं करून दाखवायचो. शेवट करायचो, "साहेब, चोर आजही येतात, दांडा शोधतात आणि रडत परत जातात!" दरवाजाची ऑर्डर तिथल्या तिथे पक्की व्हायची.

तिसऱ्या वर्षी मे महिना संपत आला आणि दांडा इनासच्या घरी होता. त्यात विशेष काही नव्हतं. क्रमाने येणारच होता. आधीच्या दोन्ही वर्षी पास्कोलच्या होडीची वेळ आली तेव्हा दांडा दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी होता, एवढंच. या वर्षी गावातल्या सगळ्या होड्या वर आल्या. 'मोनिका' तेवढी खाली राहिली, धक्क्याच्या दगडांपासून थोड्या अंतरावर, दोन दोरांनी बांधलेली.

शुक्रवार होता. मी चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरायला गेलो होतो. समुद्राचा रंग मला काही कळत नाही, पण मारूबायला कळत होता. ती किनाऱ्यावर उभी राहून ओरडत होती, "पास्कोल! अरे, वारा फिरला! उद्या परवा काय रवनार नाय तुजी होडी!"

पास्कोल वाळूत बसून जाळ्याचे तुकडे कापत होता. "रविवारी दांडा माज्याच घरी येतो. तवा काढीन."

हे खरं होतं. क्रमात इनासनंतर पास्कोलचंच घर होतं. दोन दिवस गेले की दांडा आपल्या पायाने त्याच्या ओसरीवर येणार होता. मूर्तीही तशीच यायची. इनासची बायको ती घेऊन निघायची, पास्कोलच्या वतीने मारूबाय हातात घ्यायची, दोघा भावांना तोंड उघडावं लागायचं नाही. दांडाही तसाच आला असता.

मी इनासच्या घरी गेलो. तो दारातच उभा होता. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "तू येऊन उपयोग नाय. ज्याची होडी त्याने यायचा. नियम हाय."

"अरे, पण वारा..."

"मला दिसतो वारा." तो वळला. मग आत गेला, दांडा खांद्यावर घेऊन आला आणि अंगणातल्या क्रुसाला टेकवून ठेवला. रस्त्यावरून कुणालाही दिसावा असा. "तिकडे ठेवला. मी आता आत जातो, झोपतो. कोनी नेला तर मला ठाव नाय. जा, सांग त्याला."

त्या क्षणी मला वाटलं, जिंकलो. दोघांचाही मान राहील आणि होडीही राहील. मी जवळजवळ धावतच किनाऱ्यावर आलो आणि पास्कोलला सांगितलं. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. हातातली सुरी वाळूत खोचली.

"त्याच्या अंगनातली वस्तू न विचारता उचलू?"

"त्यानेच बाहेर ठेवलीय, पास्कोलबाबा. तुमच्यासाठीच."

"तो बोलला तसा? माजा नाव घेतला?"

मी खोटं बोलायला हवं होतं. इतक्या गिऱ्हाइकांशी इतकं बोललो. "नाव नाही घेतलं," मी म्हटलं.

"मग मी चोर हाय का?"

"विचारा मग एकदा! दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, दांडा दे. दोन शब्द."

तो माझ्याकडे बघून हसला. राग नव्हता त्यात. "गाडा सगल्यांचा होता तवा मला कोनाला विचारायला लागला नाय. तू पन नेलास, तुला कोनी विचारला? आता दांडा त्याच्या घरी हाय. त्याच्या घरातून घ्यायचा म्हंजे मागायचा. मी नाय मागत."

"मी आणून देऊ? मी उचलतो."

"तू एकदा चोर झालास, तेवडा पुरे," पास्कोल म्हणाला, आणि पुन्हा सुरी उचलली.

मारूबायने त्याला तिच्या भाषेतल्या निवडक शिव्या घातल्या. त्याने त्याही ऐकून घेतल्या. तिला तो दांडा उचलत असता तर तिने तो आणला असता, आणि तोही पास्कोलच्या डोक्यात घालायला.

त्याच दुपारी भरतीबरोबर वारा आला. आधी सुरूची झाडं वाकली, मग वाळू अंगाला टोचायला लागली. 'मोनिका'चा पहिला दोर तुटला तेव्हा पास्कोल पाण्यात शिरला होता. त्याच्यामागे गावातली पाच-सहा माणसं, मीही कमरेपर्यंत. होडी धरून ठेवायची आमची धडपड चालली होती. मागे लोकांनी हातांनी ढकलत आणलेला गाडा पाण्याच्या कडेला उभा होता, ट्रॅक्टर चालू होता, आणि दोघांमध्ये दांडा नव्हता.

तेवढ्यात मारूबाय ओरडली. मी मागे पाहिलं. इनास वाळूतून धावत येत होता. खांद्यावर माझा दांडा. असा धावत होता की त्या जड लोखंडाला वजनच नसावं. तो सरळ पाण्यात घुसला, गाड्यापाशी पोचला. त्याने दांडा नळीत सरकवला आणि खिळ्यासाठी हात पुढे केला. कुणीतरी खिळा दिला. माझं काम चोख होतं. दांडा पहिल्या झटक्यात बसला.

आणि त्याच वेळी दुसरा दोर तुटला. लाटेने होडी आमच्या हातांतून उचलली आणि धक्क्याच्या दगडांवर ठेवली. आपटली असं म्हणवत नाही. ठेवली, परत उचलली, परत ठेवली. तळाच्या फळ्या फुटल्याचा आवाज वाऱ्यातही ऐकू आला.

पास्कोल पाण्यातून बाहेर आला. इनास गाड्याला धरून उभा होता. दोघांच्या मध्ये दोन हातांचं अंतर असेल. इनासचं तोंड उघडलं होतं, काहीतरी यायच्या बेतात होतं. पास्कोलने त्याच्याकडे पाहिलं, मग दांड्याकडे पाहिलं, आणि तो चालत घरी गेला.

पावसाळा संपल्यावर पंच माझ्याकडे आले आणि म्हणाले, दांडा पक्का करून दे, आता काढायला नको. मी किनाऱ्यावर मशीन नेलं आणि नळी आणि दांडा एकत्र वेल्ड केले. इतका लांब टाका मी कधी मारला नसेल. निघताना पाहिलं, मारूबायने कुठूनतरी एक हिरवी दोरी आणून दांड्याला बांधली. तिच्या घरात तेव्हा होडीच नव्हती. मग बाकीच्यांच्याही दोऱ्या आल्या. लाल आली, निळी आली. पिवळी काही आली नाही. पुढे गावात मोठ्या बोटी झाल्या, त्या गाड्यावर मावत नव्हत्या. गाडा सुरूंखाली तसाच राहिला, आणि एका वर्षी कुणीतरी तो अख्खाच्या अख्खा नेला. तक्रार कुणी केली नाही. नेणाऱ्याला ढकलायला माणसं मिळाली असतील का, एवढा एकच विचार माझ्या मनात आला.

मी ती गोष्ट गिऱ्हाइकांना सांगायचं सोडलं. चष्म्यापर्यंत सांगायचो आणि तिथेच थांबायचो.

पास्कोलने नवी होडी केली नाही. दुसऱ्याच्या बोटीवर तो जाणार नव्हता. एव्हरशाईनमधल्या एका सोसायटीला वॉचमन हवा होता, तिथलं गेट मीच केलेलं. मी त्याचं नाव सुचवलं. तो निळा गणवेश घालून गेटपाशी स्टुलावर बसायला लागला. काम सोपं होतं. येणाऱ्याला विचारायचं, कोण तुम्ही, कुणाकडे आलात. महिन्याभरात सोसायटीच्या सेक्रेटरींचा मला फोन.

"अहो, तुमचा माणूस कुणालाही आत सोडतो! सेल्समन, फेरीवाले, कुणीही! विचारतच नाही कुणाला!"

"चोरी झाली का काही?"

"नाही, तसं काही नाही."

"मग राहू द्या ना," मी म्हटलं. सेफ्टी डोअरवाल्याने असं म्हणणं म्हणजे हलवायाने साखर सोडा सांगण्यासारखं होतं. पण तो राहिला.

एका दुपारी मी त्याच इमारतीत एका खिडकीचं माप घ्यायला गेलो होतो. पहिल्या मजल्यावर. खिडकीतून गेट सरळ दिसत होतं. पास्कोल स्टुलावर बसला होता. रस्त्याच्या पलीकडे एक माणूस उभा असलेला मला दिसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. बराच वेळ तो नुसता उभा होता. ओळखायला मला जरा वेळ लागला, कारण इनासला मी अशा कपड्यांत कधी पाहिलंच नव्हतं. त्या इमारतीत त्याचं कुणी नव्हतं. त्या सबंध एव्हरशाईनमध्ये नव्हतं.

तो रस्ता ओलांडून गेटसमोर आला आणि थांबला. पास्कोलने मान वर केली.

मी टेप तसाच हातात धरून उभा राहिलो.

पास्कोल उठला. माणसांना यायला जायला बाजूचं लहान दार होतं, ते त्याने उघडलं नाही. त्याने मोठ्या गेटचा अडसर काढला आणि दोन्ही दारं मागेपर्यंत ढकलली, गाडी आत घ्यायची असावी तशी. आणि बाजूला झाला.

इनास आत आला. पार्किंगमधून चालत गेला, पाण्याच्या टाकीला वळसा घातला, मागच्या बाजूने फिरून इमारतीची एक फेरी पुरी केली आणि तसाच बाहेर पडला. दारं उघडीच होती. पास्कोलने तो रस्त्याच्या वळणापलीकडे जाईपर्यंत वाट पाहिली, मग एक एक करून ती लावली, अडसर टाकला आणि स्टुलावर येऊन बसला.

वरच्या गॅलरीतून सेक्रेटरी ओरडले, "पास्कोल! कोण होता तो? कुणाकडे आला होता?"

पास्कोलने वर पाहिलं.

"विचारला नाय," तो म्हणाला.